ज्वारीच्या मुळाशी

पडद्यावर दिसतंय ते आफ्रिकेतलं ज्वारीचं शेत आहे. पाऊस झालाय, जमिनीत ओल आहे, तरी पिकानं माना टाकल्यात. जरा बुंध्याशी वाकून बघा. जांभळ्या फुलांची ही नाजूक रोपं ज्वारीच्या मुळांत शिरून तिचंच पाणी, तिचंच अन्न ओढून घेताहेत. हिचीच पांढऱ्या फुलांची बहीण आपल्या शिवारातही उगवते. आपण तिला टारफुला म्हणतो. फुलं दिसेपर्यंत बरंचसं नुकसान जमिनीखाली होऊन गेलेलं असतं.

या तणाचा पिच्छा पुरवणारा माणूस म्हणजे प्राध्यापक गेबिसा एजेटा.

जन्म 1950 चा, इथिओपियातल्या वोलोंकोमी गावातला. एका खोलीचं, गवतानं शाकारलेलं घर. शाळा 20 किलोमीटरवर. रविवारी पायी निघायचं, आठवडाभर तिथंच राहायचं, शुक्रवारी पायी परत. पोरानं शिकायचंच, हा आईचा हट्ट. त्या हट्टानं त्यांना अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात नेलं आणि वनस्पती पैदास व आनुवंशशास्त्राची डॉक्टरेट मिळवून दिली.

1979 साली ते सुदानला गेले, इक्रिसॅटच्या कामावर. कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी, आपल्या हैदराबादजवळ मुख्यालय असलेली ही आंतरराष्ट्रीय संस्था. चार वर्षांत दुष्काळाला टिकणारं संकरित वाण शेतात आलं : हजीन दुरा-1. अरबीत हजीन म्हणजे संकरित, दुरा म्हणजे ज्वारी. आपली 'हायब्रीड'च म्हणा ना! पण हायब्रीडचं बी घरच्या कणगीतून काढून पेरता येत नाही, दर हंगामाला नवं लागतं. म्हणून बियाणं तयार करण्याची आणि विकण्याची साखळी उभी राहावी यासाठीही ते खपले. 1999 पर्यंत सुदानात हे वाण 10 लाख एकरांवर पोचलं होतं. मला त्यांच्या कामातलं हे सगळ्यात मोठं वाटतं. वाण काढणारे पुष्कळ असतात, ते बांधापर्यंत पोचवणारे थोडे.

1984 पासून ते पर्ड्यूत शिकवू लागले, आणि टारफुल्याचं कोडं हाती घेतलं. याचं बी धुळीच्या कणाएवढं. वर्षानुवर्षं मातीत निपचित पडून राहतं. जवळ ज्वारीचं मूळ आलं आणि त्यातून पाझरणारं एक रसायन लागलं, की मगच ते जागं होतं. मग रसायन कमी पाझरणारी ज्वारी शोधायची कशी? जीवरसायनशास्त्रज्ञ लॅरी बटलर यांच्यासोबत त्यांनी साधी युक्ती काढली. ही काचेची बशी बघा. आत अगारचा, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाचा पारदर्शक थर, त्यात टारफुल्याचं बी पसरलेलं, आणि मधून ज्वारीचं कोवळं मूळ उतरतंय. मुळापासून किती लांबचं बी रुजलं, ते मोजायचं. अंतर जितकं कमी, तितकी ज्वारी सुरक्षित. शेतातले कित्येक हंगाम या बशीनं वाचवले.

त्यातून निघालेल्या वाणांचं 8 टन बियाणं 1994 साली आफ्रिकेतल्या देशांमध्ये वाटलं गेलं. नेमका जनुक मात्र 2017 मध्ये सापडला. टारफुल्याला दाद न देणारी ही ज्वारी मुळातल्या रसायनाचा संदेश पाठवायची थांबत नाही, तर निराळाच संदेश पाठवते, आणि टारफुला झोपूनच राहतो.

पण नुसत्या बियाण्यानं भागत नाही. जमिनीत नत्र हवं, ओल धरून ठेवायला हवी, आणि खत वेळेवर मिळायला हवं. ते मिळणार की नाही, हे प्रयोगशाळेत ठरत नाही, सरकारी टेबलावर ठरतं. 2009 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाल्यावर एजेटा त्या टेबलापर्यंत गेले. अमेरिकेच्या परदेश मदत संस्थेचे सल्लागार झाले, संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांच्या वैज्ञानिक सल्लागार मंडळावर बसले. 2023 मध्ये त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं.

शिकवणं मात्र सुटलं नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेले आफ्रिकेतले विद्यार्थी मायदेशी परतले, आणि आज तिथल्या ज्वारीच्या शेतांत ते बुंध्याशी वाकून बघताहेत.