काळ्या झेंड्यावर हक्क कुणाचा?

(वाशी येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

तिरका छेद दिलेला काळा-पिवळा झेंडा इथल्या तरुण मंडळींनी मोबाइलवर पाहिला असेल. काळा म्हणजे राज्यसत्तेला नकार. पिवळा म्हणजे सोनं, सरकारी छापखान्यातून न आलेला पैसा. हा भांडवली अराज्यवाद्यांचा झेंडा, म्हणजे राज्यसत्ता नको, सगळं खासगी मालकी आणि बाजारावर सोडा म्हणणाऱ्यांचा. बाकीचे अराज्यवादी त्यांना बजावतात, पिवळा खुशाल घ्या, काळा आमचा आहे. वाद दिसतो रंगाचा, आहे मालकीचा.

९ मार्च १८८३ रोजी पॅरिसमध्ये बेकारांचा मोर्चा निघाला. फ्रेंच अराज्यवादी लुईझ मिशेल काळा झेंडा घेऊन पुढे होती. वाटेत पावाची दुकानं लुटली गेली. तिला सहा वर्षांची शिक्षा झाली. भुकेल्यांनी उचललेला हा रंग आहे, आणि तो विसरून त्याच्यावर हक्क सांगता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. खुद्द मरे रॉथबर्ड, म्हणजे भांडवली अराज्यवादाचा मुख्य विचारवंत, १९५०च्या दशकात लिहून गेला होता की आपण अराज्यवादी नव्हे. पुढे त्यानं ते नाव स्वीकारलं.

पण म्हणून बाजाराचं नाव काढणाऱ्या प्रत्येकाला हाकलायचं का? मुळीच नाही. बोस्टनचा अराज्यवादी बेंजामिन टकर १८८१पासून ‘लिबर्टी’ हे नियतकालिक चालवत होता. खुल्या स्पर्धेचा कट्टर समर्थक, आणि तरी स्वतःला समाजवादी म्हणवणारा! पैसा, जमीन, जकात आणि पेटंट या चार मक्तेदाऱ्या सरकार पोसतं, त्या मोडा, मग व्याज आणि जमिनीचा खंड आपोआप गळून पडतील, असं तो सांगे. बाजार आणि भांडवलशाही यांची त्यानं केलेली ही फारकत मला आजही मोलाची वाटते.

आपल्याला हे परकं वाटायला नको. शरद जोशी अराज्यवादी नव्हते, पण खुल्या बाजाराची बाजू त्यांच्याइतकी हिरिरीनं महाराष्ट्रात कुणी मांडली? आणि त्यांच्या शेतकरी संघटनेचा बिल्ला होता लाल. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या छातीवर तो शोभला, कारण घाम त्याचा होता.

आता इथलंच घ्या. २०१६ साली राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. टकर आणि रॉथबर्ड दोघांनीही त्याचं स्वागत केलं असतं. पण वाशीच्या मार्केटात एखाद्याचा गाळा दुसरा कुणी भाड्यानं चालवत असेल, तर तिथे दोघांची वाट फुटते. रॉथबर्ड म्हणेल, गाळा रीतसर मिळवलेला असेल तर भाडं हा मालकाचा हक्क. टकर म्हणेल, जागा जो वापरतो त्याची; न वापरणाऱ्याच्या भाडेवसुलीला संरक्षण नाही.

मी टकरच्या बाजूनं आहे.