टाळूपासून अर्धा इंच

(हेअरचं काम शिकणाऱ्या मुलामुलींसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं आवरून लिहिलेलं)

मागे ऐकू येतंय ना? नाहीतर पुढे येऊन बसा, खुर्च्या आहेत.

आज पर्मच्या, म्हणजे धुतल्यावरही न जाणाऱ्या लाटा केसांना पाडायच्या, जुन्या मशीनबद्दल बोलायचंय. तो फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाईलवर पाहिला असेल, एक बाई खुर्चीत ताठ बसलीय आणि तिच्या डोक्यातून वायरी निघून वर एका कड्याला लटकल्यात, प्रत्येक वायरीच्या टोकाला तिच्या केसांची एकेक बट गुंडाळलेली. लोक तो फोटो हसायला म्हणून पाठवतात. मला तो बघून हसू येत नाही. मी शिकत होते तेव्हा एका लग्नघरी नवरीच्या बहिणीचे केस टाँगने कर्ल करताना माझा हात एवढासाच हलला आणि तिच्या मानेला, केसांच्या अगदी मुळाशी, चटका बसला. ती बिचारी काही बोलली नाही, पण सगळे फोटो तिने मान वाकडी करून काढले, पदर पुढे घेऊन. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा त्या जुन्या मशीनचे फोटो बघते तेव्हा माझी नजर आधी वायरीवर नाही, बटीच्या मुळाशी जाते, तापलेली नळी आणि टाळू यांच्यामध्ये काय ठेवलंय ते बघायला. आज मी त्या मधल्या अर्ध्या इंचाबद्दलच बोलणार आहे.

आधी केस का वळतो ते समजून घेऊ. रात्री ओल्या केसांची घट्ट वेणी घालून झोपलं की सकाळी सोडल्यावर केसांना छान लाटा येतात आणि आंघोळ केली की जातात, हे आपल्या सगळ्यांनी केलंय. शिंपी कसा आधी कच्चा टाका घालतो आणि मग पक्की शिलाई मारतो, तसं केसाच्या आत दोन्ही असतं. केस म्हणजे केराटिन, प्रोटीनच्या लांबच लांब साखळ्या, आणि त्या एकमेकींना धरून ठेवणारे कच्चे टाके म्हणजे हायड्रोजन बॉण्ड, जे नुसत्या पाण्याने सुटतात आणि वाळले की नव्या आकारात परत बसतात. वेणीच्या लाटा त्यातल्या. पक्की शिलाई म्हणजे गंधकाचे बॉण्ड, डायसल्फाइड. केस जळल्यावर जो घाण वास येतो ना, तो याच गंधकाचा. ही शिलाई उसवून केस नव्या आकारात ठेवला आणि परत शिवला तर तो आकार कितीही धुतलं तरी जात नाही, मुळापासून नवा केस वाढेपर्यंत राहतो. पर्मनंट म्हणतात ते एवढंच पर्मनंट, महिन्याला सेंटिमीटरभर नवा सरळ केस येतच असतो.

पॅरिसमध्ये मार्सेल ग्रातो या माणसाने १८७२ च्या सुमारास गरम चिमट्याने केसांना लाटा पाडायची पद्धत काढली, मार्सेल वेव्ह. चिमटा शेगडीवर तापवायचा, आधी कागदावर धरून बघायचा, कागद तपकिरी झाला तर थांबायचं, थोडा निवू द्यायचा, मग केसाला लावायचा. फार सुंदर दिसायचं ते, पण सगळा कच्चा टाका. पावसात भिजलं की संपलं.

मग येतो कार्ल नेस्लर. जन्म १८७२, जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधलं टॉटनाऊ नावाचं छोटं गाव, वडील चांभारकाम करायचे. मुलगा केशकर्तन शिकत शिकत पॅरिसला गेला, तिथून लंडनला. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, धुतल्यावर न जाणारी लाट. त्यासाठी त्याने तीन गोष्टी एकत्र आणल्या: क्षार, पाणी आणि भरपूर उष्णता. कॉस्टिक सोड्यासारखा क्षार केस फुगवतो आणि पक्की शिलाई सैल करतो, काही ठिकाणी गाईचं मूत्र पाण्यात मिसळून वापरल्याचंही लिहिलेलं आढळतं, कारण शिळ्या मूत्रात अमोनिया असतो आणि तोही क्षारच. मग असा भिजवलेला केस दांडीवर फिरकीसारखा गुंडाळायचा, मुळापासून टोकाकडे, आणि वरून तापलेली पितळी नळी चढवायची, शंभर अंश किंवा त्याच्याही वर.

आता हे का अवघड आहे ते बघा. कुकर नसताना पातेल्यात भात लावायचे तेव्हा काय व्हायचं, जोपर्यंत तळाशी पाणी आहे तोपर्यंत भात शिजतो, करपत नाही, कारण पाणी असेपर्यंत पातेल्यातली उष्णता शंभर अंशांच्या फारशी वर जात नाही, आणि पाणी आटलं की पुढच्या दोन मिनिटांत तळ काळा. केसाचं तंतोतंत तसंच. नळीच्या आत ओल आहे तोवर वाफ काम करते, ओल संपली की नुसती तापलेली धातू आणि कोरडा केस. आणि हे नळीच्या आत चाललेलं असतं, बाहेरून दिसत काहीच नाही! भाताचा निदान वास येतो, इथे वास आला म्हणजे बट हातात आली.

नेस्लरने हे पहिल्यांदा करून पाहिलं ते स्वतःच्या बायकोवर. तिचं नाव काथारिना लाइब्ले, हे नाव लक्षात ठेवा. पहिल्या दोन प्रयत्नांत तिचे केस पार जळाले आणि टाळूला भाजलं. दोन प्रयत्न. म्हणजे पहिल्यांदा जळाल्यावर ती दुसऱ्यांदा परत त्या खुर्चीत बसली. सगळीकडे लिहितात की नेस्लरने शोध लावला, ते खरंच आहे, पण हात त्याचा होता आणि डोकं तिचं, आणि कुठे थांबायचं हे तिच्या टाळूने त्याला शिकवलं. हे वाचल्यापासून मी पर्मचा इतिहास शिकवताना तिच्यापासून सुरू करते.

१९०५ च्या सुमारास त्याने लंडनमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जाहीर प्रात्यक्षिक दिलं आणि १९०९ मध्ये पेटंट घेतलं. मशीन कसं होतं? डझनभर पितळी रोलर, एकेक दोन पौंडांचा, म्हणजे जवळजवळ नऊशे ग्रॅम. बाराचं वजन करा, दहा किलोच्या वर गेलं. एवढं ओझं मानेवर कसं पेलणार, आणि त्याहून मोठं म्हणजे रोलर कलला की टाळूला टेकणार. म्हणून वर झुंबरासारखं कडं, त्यातून दोऱ्या, दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला वजनं, विहिरीवरच्या रहाटासारखा तोल सांभाळलेला, म्हणजे प्रत्येक रोलर हवेत तरंगत राहील, बटीला धरून पण कातडीपासून लांब. आपण ज्याला बघून हसतो ते सगळं झुंबर त्या अर्ध्या इंचासाठी होतं. एका वेळेला सहा तास लागायचे. सहा तास मान हलवायची नाही, शिंक आली तरी धसका!

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा जर्मन माणसाला लंडनमध्ये राहणं अशक्य झालं, तो १९१५ मध्ये अमेरिकेला गेला, आणि तिथे बघतो तर त्याच्या मशीनच्या नकला आधीच जागोजागी चालू होत्या, बऱ्याचशा धड न चालणाऱ्या. मग न्यूयॉर्कमध्ये त्याने चार्ल्स नेस्ले या नावाने सलून काढलं, आणखी शहरांत शाखा काढल्या, घरी वापरायचा संचसुद्धा पंधरा डॉलरला विकला. खूप कमावलं, १९२९ च्या बाजार कोसळण्यात बरंच गमावलं. वारला तो १९५१ मध्ये, न्यू जर्सीत.

इकडे लंडनमध्ये इसिडोरो काल्वेते नावाच्या स्पॅनिश माणसाने हीटर सुधारला, ॲल्युमिनियमची हलकी नळी आणि आत विजेची वायर गुंडाळलेली, त्यावर ऑयजेन सुटरने यूजीन या नावाने मोठा धंदा उभा केला. नळ्या हलक्या झाल्या, पण विजेची तार आता ओल्या केसांच्या इतक्या जवळ आली, आणि ती थेट भिंतीतली वीज! बटीच्या मुळाशी फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, आणि रबर यांच्या चकत्या घालायचे, फटीतून बट ओढून घ्यायची, वर चाप लावायचा. ती चकती सरकली, किंवा मुळाशी दोन केस बाहेर राहिले आणि त्यांच्या वाटेने वाफ खाली उतरली, की फोड. मशीन कितीही भारी असू दे, बाईला भाजणार की नाही हे चकती बसवणाऱ्या मुलीच्या बोटांवर होतं.

आणि मग बायकांनी केस कापले. हे मला फार आवडतं. युद्धानंतर बॉब आला, मानेपर्यंतचे केस, आणि सगळी मशीन अडचणीत आली, कारण मुळापासून टोकाकडे फिरकी गुंडाळायची तर लांब केस हवेत. कार्ल्सबाडच्या, म्हणजे तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या, योझेफ मायरने १९२४ मध्ये उलटं केलं, टोकापासून सुरुवात करून मुळाकडे गुंडाळत आणायचं, आत्ता तुम्ही रॉड लावता अगदी तसं. याला क्रोकिन्योल म्हणतात. आखूड केसांना उत्तम. पण विचार करा, फिरकीत नळी डोक्यापासून उभी बाहेर जायची, क्रोकिन्योलमध्ये गुंडाळी टाळूला आडवी चिकटून बसते. फॅशनने अर्ध्या इंचातलंही काढून घेतलं, चकती आणखी नीट लागायला लागली.

आता मार्जरी जॉयनर. माझ्यासाठी या सगळ्यात मोठं नाव हेच. जन्म १८९६, व्हर्जिनियातल्या डोंगराळ भागातला. कृष्णवर्णीय घरातली मुलगी, पुढे शिकागोला आली, तिथल्या मोलर ब्युटी स्कूलमधून १९१६ मध्ये पास झाली, तिथली पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. शिकली ती सगळी गोऱ्या बायकांच्या केसांची पद्धत. घरी येऊन सासूबाईंचे केस करायला घेतले आणि ते बिघडले. सासूबाईंनी काय करावं? रागावून बसल्या नाहीत, स्वतः पैसे भरून सुनेला मॅडम सी. जे. वॉकर या कृष्णवर्णीय सौंदर्य-उद्योजिकेकडे शिकायला पाठवलं. पुढे जॉयनर वॉकर कंपनीच्या दोनशेच्यावर ब्युटी स्कूलवर देखरेख करायला लागल्या.

त्यांचा प्रश्न साधा होता. एकेक बट गरम चिमट्याने करत बसायचं, खाली-वर, शेगडीवर-डोक्यावर, पूर्ण डोकं व्हायला तासन् तास, आणि एवढं करून टिकायचं थोडेच दिवस. एकदा मांसाचा मोठा तुकडा भाजत असताना त्यांचं लक्ष त्यात खुपसलेल्या सळ्यांकडे गेलं, सळ्या आतून उष्णता पोचवतात आणि सगळा तुकडा एकदम शिजतो. मग सगळ्या बटा एकदम का नाही? त्यांनी तसल्या सळ्या वर एका हूडला वायरीने जोडल्या आणि २७ नोव्हेंबर १९२८ ला अमेरिकेचं पेटंट मिळालं, नंबर १६९३५१५. सरळ केस कुरळे करायला आणि कुरळे केस सरळ करायला, दोन्हीला चालणारं. त्यांना बऱ्याचदा पेटंट घेणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणतात, ते चूक आहे, सारा गुड यांनी १८८५ मध्येच पेटंट घेतलं होतं. पण जॉयनर यांचं मोठेपण त्याने कमी होत नाही. आणि हेही ऐका, पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक पेटंट घेतलं, स्कॅल्प प्रोटेक्टरचं, टाळू वाचवायच्या साधनाचं. मशीन बनवून त्या थांबल्या नाहीत, कारण त्या स्वतः खुर्चीमागे उभ्या राहून काम करणाऱ्या होत्या. पेटंटचे हक्क कंपनीकडे गेले, त्यांच्या हातात पैसा म्हणावा असा काही आला नाही. मला याचं वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही. पुढे १९७३ मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, त्यांनी पदवी घेतली, आणि १९९४ पर्यंत जगल्या.

तीसच्या दशकात वायरी सुटायला लागल्या. आधी चाप स्टँडवर तापवून, वीज बंद करून डोक्यावर लावायचे. मग बिनमशीनचे पॅड आले, पाणी लावलं की आतलं रसायन आपोआप तापायचं. चुनकळीवर पाणी टाकलं की कशी खदखदते, बादलीला हात लावता येत नाही, तसलाच प्रकार, फक्त मापात बसवलेला. बाई निदान उठून फिरू शकायची. १९३८ मध्ये अर्नोल्ड विलॅट यांनी कोल्ड वेव्ह आणली, आणि चाळीसच्या दशकात अमोनियम थायोग्लायकोलेट, आपलं थायो. पर्मच्या लोशनचा तो वास, नाकात बसतो तो. थायो गंधकाची शिलाई थंडच उसवतं, मग न्यूट्रलायझर, म्हणजे पेरॉक्साइड, ती परत शिवतं. उष्णतेची गरजच संपली. चाळीस वर्षं आगीने जे जबरदस्तीने करून घेतलं ते बाटलीने करून दाखवलं.

पण उष्णता गेली का? जपान-कोरियातून डिजिटल पर्म आलं, आता आपल्याकडे मोठ्या सलूनमध्येही असतं. थायो लावायचं, धुवायचं, आणि मग गरम रॉड, प्रत्येक रॉडला वायर, सगळ्या वायरी वर मशीनला. पहिल्यांदा ते मशीन माझ्यासमोर उघडलं तेव्हा मी दोन मिनिटं नुसती बघत उभी राहिले. तोच फोटो! कडं प्लॅस्टिकचं झालंय, तापमान स्क्रीनवर दिसतं, पण रॉड आणि टाळू यांच्यामध्ये ठेवायला सोबत काय येतं? फेल्टसारखे जाड पॅड.

आता ब्रेकनंतर आपण डमीवर रॉड लावणार आहोत. पॅड लावल्यावर त्याच्याखाली तुमची करंगळी घाला, रॉड चालू असताना. तुमच्या बोटाला दहा मिनिटं सोसत असेल तरच पुढचा रॉड घ्यायचा, नाहीतर काढून परत बसवायचा. मी प्रत्येकीची करंगळी बघायला येणार आहे.