चुन्याच्या भट्टीचा हिशेब

मित्रहो, रसायनशास्त्र शिकवताना एक चूक मला दरवर्षी भेटते. ‘बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते,’ असं मुलं ठामपणे लिहितात. लाकूड जळताना उष्णता मिळते, त्यामुळे तसं वाटतं खरं. पण अणू एकमेकांना धरून राहतात, ते तसं राहिल्याने त्यांची ऊर्जा कमी होते म्हणून. त्यांना सोडवायचं तर बाहेरून ऊर्जा घालावी लागते. नवे बंध जुळताना मात्र ती मोकळी होते. लाकूड जळतं तेव्हा जुळण्यातून मिळणारी ऊर्जा तोडण्याच्या खर्चापेक्षा जास्त असते, एवढंच.

हे मला चुन्यावरून सांगायला आवडतं. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कॅल्शियमने दोन इलेक्ट्रॉन दिलेले, म्हणून तो धनप्रभारित, कार्बोनेट ऋणप्रभारित. या दोघांमधली ओढ म्हणजे आयनिक बंध. पण कार्बोनेटच्या आत पाहिलं तर एक कार्बन आणि तीन ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांची भागीदारी करून, सहसंयुज बंधांनी जोडलेले. एकाच खड्यात दोन्ही प्रकार.

हा खडा भट्टीत साधारण 900 अंश सेल्सिअसला भाजला, की कार्बोनेटमधला एक ऑक्सिजन कॅल्शियमपाशी राहतो आणि उरलेला भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. शुद्ध चुनखडी 100 ग्रॅम असेल तर 56 ग्रॅम कळीचा चुना हाती लागतो, 44 ग्रॅम वायू उडतो. भाजताना वजन घटतं ते असा वायू निघून गेल्यामुळे, हे स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी 1750च्या दशकात तराजू वापरून दाखवलं. मला हा प्रयोग फार मोठा वाटतो. न दिसणाऱ्या वायूला त्यांनी वजन मिळवून दिलं.

या 100 ग्रॅमसाठी भट्टीला सुमारे 178 किलोज्यूल ऊर्जा द्यावी लागते. आता ती कुठे जाते ते पाहा.

कळीच्या चुन्यावर पाणी घातलं की तो फसफसतो, वाफा येतात. ऑक्साइड आयन, म्हणजे कॅल्शियमपाशी राहिलेला तो ऋणप्रभारित ऑक्सिजन, पाण्याच्या रेणूतला एक प्रोटॉन (हायड्रोजनचा केंद्रक) ओढून घेतो आणि दोघांचे मिळून दोन हायड्रॉक्साइड आयन होतात. 56 ग्रॅम चुना, 18 ग्रॅम पाणी, मिळून 74 ग्रॅम विरलेला चुना. आणि सुमारे 65 किलोज्यूल उष्णता. (हे घरी करून पाहू नका. कळीचा चुना डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.)

मग हा चुना वाळूबरोबर चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाक फिरणाऱ्या गोल चरात, मळून भिंतीला लागतो. तिथे तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, पाणी सोडतो, आणि सुमारे 113 किलोज्यूल बाहेर पडतात. 65 आणि 113 यांची बेरीज करा: 178. भट्टीने घेतलेलं सगळं परत आलं. फक्त हे 113 इतके सावकाश येतात की भिंतीला हात लावून काही कळत नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.04 टक्के, शिवाय तो विरघळायला थोडी ओल लागते, आणि वरचा थर घट्ट झाला की आत शिरणं आणखी मंदावतं.

पानाच्या डब्यातला चुना उघडा राहिला की वर पांढरी खपली धरते, तीही याच क्रियेमुळे.

चुन्याच्या गिलाव्याचा ताजा तुकडा तोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा, म्हणजे विरलेल्या चुन्यासारख्या अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचा, थेंब टाकतात. बाहेरचा भाग पांढराच राहतो. आतला गुलाबी झाला, तर तिथला चुना अजून चुनखडी व्हायचा आहे.