बटण दाबून धर्मसुधारणा होत नसते

युरोपा युनिव्हर्सालिस फोर हा इतिहासावरचा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्यांना माहितीये, सोळाव्या शतकात कुठेतरी नकाशावर धर्मसुधारणेचं केंद्र उगवतं आणि मग आजूबाजूचे प्रांत एकेक करत रंग बदलतात, आणि आपण काय करतो तर हिशोब मांडतो की प्रोटेस्टंट झालो तर फायदा किती. क्रुसेडर किंग्ज थ्री या तसल्याच गेममध्ये तर पुण्याई साठवली की राजाच नवा पंथ काढतो, तत्त्वं मेन्यूतून निवडायची! मजा येते, खोटं कशाला बोलू. पण सांगलीत बसून जुन्या सातारा जिल्ह्यातल्या सत्यशोधक चळवळीवर आम्ही स्वतःचा गेम करायला घेतला (वाळवा, तासगाव तेव्हा साताऱ्यातच होते, दक्षिण सातारा वेगळा झाला 1949 ला) तेव्हा हे गणित काही बसेना.

कारण इथं धर्म बदलणारा राजाच नाही. वर इंग्रज, आणि ते म्हणणार, तुमच्या धर्मात आम्ही पडणार नाही. सत्यशोधक समाज निघाला 24 सप्टेंबर 1873 ला पुण्यात, जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, म्हणजे आपल्या खटाव तालुक्यातलं. आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, भटजीशिवाय.

तिथंच आम्हाला गेमचा मेकॅनिक, म्हणजे खेळ ज्यावर चालतो तो नियम, सापडला. प्रांत नाही, लग्न! गावात लग्न कोण लावतं आणि दक्षिणा कोणाला जाते, एवढंच मोजायचं. विरोधक सैन्य घेऊन येत नाही, तो दावा ठोकतो. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला हेच झालं, गावच्या जोशाला, म्हणजे भटजीला, बोलावलंच नाही तरी त्यानं हक्काची दक्षिणा मागितली आणि प्रकरण पार हायकोर्टात गेलं. मग गेममध्ये लग्न स्वस्तात लागतं खरं, पण मागनं कोर्टाचा खर्च आणि वाळीत टाकण्याची भीती येते, आणि पाटील पाठीशी नसेल तर गाव दोन सीझनमध्ये गपगुमान जुन्या वाटेला लागतं.

पाठीराख्याचं हे गणित युरोपातही दिसतं. चर्चवर टीका करणाऱ्या यान हुसला 1415 ला जाळलं, आणि शंभर वर्षांनी प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा ल्यूथर वाचला, कारण सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे तिथला राजा, फ्रेडरिक त्याच्यामागं उभा होता आणि छापखाने गावोगाव झाले होते. म्हणून आम्ही संरक्षण आणि प्रसार असे दोन वेगळे मीटर ठेवले. प्रसाराला सत्यशोधकांचं वर्तमानपत्र दीनबंधू आहे 1877 पासून, पण वाचता येणारे किती? मग खरा जोर जलशाचा. साचा तमाशाचा, ढोलकी तीच, मजकूर सत्यशोधकांचा, आणि एका रात्रीत अख्खं गाव ऐकतं. माझ्या मते गेममधलं सगळ्यात भारी युनिट हेच. 1911 ला कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आधारानं समाज उभा राहतो, तिथं संरक्षणाचा मीटर एकदम उडी मारतो, थोडा जास्तच, ते बॅलन्स करायचंय.

टेस्टिंगला पोरं पैसे ओतून पटापट गावं वळवायला लागली. मग आम्ही घसरण घातली: पुढच्या पिढीचं लग्न आलं की घरातलंच कोणीतरी म्हणणार, एवढ्या वेळेला बोलवूया की भटजींना. ज्या गावात पोरी शाळेत जातात तिथं ही घसरण कमी. आणि जिथं टिकलं, तिथं 1942 नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची कमी खर्चातली गांधी लग्नं लगेच लागतात.

आता भांडण एवढंच राहिलंय की शेवटी ‘तुम्ही जिंकलात’ असा स्क्रीन ठेवायचा का. मी म्हणतो नको, फक्त गावागावांतल्या लग्नांची यादी दाखवा. आमचा प्रोग्रामर म्हणतो, असं केलं तर गेम विकत कोण घेणार.