आजोबांची ठासणीची बंदूक आणि कलम ३७

मंडळी, पत्रिकेवर ‘राज्याचे शस्त्रकायदे’ असा विषय छापलाय. पहिल्यांदा हे सांगतो की बंदुका, शस्त्रं, दारूगोळा हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राकडे आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम लातुरात तोच आणि लखनौतही तोच. राज्याचा कायदा आडवा येतो तो शस्त्र घेऊन उंबऱ्याबाहेर पडल्यावर. त्याकडे येतोच, पण आधी आमच्या घरची गोष्ट. वकिलीच्या आधी हा कायदा मला तिनंच शिकवला.

आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं एका रात्रीत अर्धा तुकडा झोपवायची. आजोबा गोळी न घालता नुसती दारू ठासून बार काढायचे, आवाज पार नदीपलीकडे जायचा. बंदूक माळवदाच्या खोलीत खुंटीला असायची, नळीला गोडंतेल आणि तोंडात चिंधीचा बोळा. माघात आजोबा गेले. तेरावं झालं, सातबाऱ्यावर वारस लागले, बंदूक मात्र कुणाच्या ध्यानातच आली नाही. शेत वारसानं येतं, परवाना येत नाही. तो ज्याच्या नावावर त्याच्याबरोबरच संपतो. वडिलांना हे पोळ्यानंतर कळलं. बंदूक गोणपाटात गुंडाळून, परवान्याचं पुस्तक घेऊन ते आपण होऊन ठाण्यात गेले. दिवेलागणीपर्यंत त्यांना बाकावर बसवून ठेवलं. “इतके दिवस ठेवलीच कशी?” हेच पुन्हा पुन्हा. अर्धं गाव ज्यांच्या हाताखाली शिकलं ते मास्तर, मांडीवर गोणपाट घेऊन. पावती तिसऱ्या खेपेला मिळाली. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

शस्त्र अधिनियमाचं कलम २१ म्हणतं, ताबा बेकायदा ठरला की शस्त्र विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. वारसानं स्वतःचा परवाना काढला तर ते परत मिळतं, नाहीतर परवाना असणाऱ्याला विकता येतं. वडिलांना हे एकानंही सांगितलं नाही. मृत्यूची नोंद करताना त्याच खिडकीत हे का सांगू नये?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भराभर सांगतो.

खंडेनवमीला पुजायची तलवार पोरं वाढदिवसाच्या केकला काढतात, फोटो टाकतात आणि त्याच अधिनियमाच्या कलम ४ व २५ चा गुन्हा ओढवून घेतात. शिक्षा एक ते तीन वर्षं. पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असलं की ते शस्त्रात धरतात. घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळलीत. नांदेडच्या शीख बांधवांच्या कृपाणाला घटनेच्या अनुच्छेद २५ चा आधार आहे. बंदुकीसाठी वय २१ पूर्ण हवं, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असेल तिथं पोलीस आयुक्तांकडे. २०१९ च्या दुरुस्तीनं तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. वरातीत कुणाच्या जिवाला धोका होईल असा बार काढला तर परवाना असूनही दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि कलम ३७, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं. सणासुदीला, निवडणुकीला हा मनाई आदेश निघतो. तो लागू असताना तलवार तर सोडाच, काठीसोटाही घेऊन फिरता येत नाही. मोडला तर त्याच अधिनियमाच्या कलम १३५ खाली शिक्षा. आदेश वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात येतो, आणि काठी टेकत बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्याला तो कोण वाचून दाखवणार? चावडीवर दवंडी द्या, ही माझी मागणी आहे.

शंका असतील त्यांनी खाली थांबा. आणि आजोबांची बंदूक ज्यांच्या घरात असेल त्यांनी आज घरी गेल्यावर परवान्याच्या पुस्तकावर नाव कुणाचं आहे ते बघा.