मधली वर्षं

चित्रपट संपला आणि मागच्या रांगेतून पहिला प्रश्न आला, ‘पण सर, चूक नक्की कोणाची?’ मी त्याचीच वाट बघत होतो. कुणाचं लग्न मोडलं असं कळलं की आपल्या घरांतही दुसरं वाक्य हेच असतं. ‘ब्लू व्हॅलेंटाइन’ त्याचं उत्तर देत नाही, म्हणून तर तो इतका लागतो.

दिग्दर्शक डेरेक सियनफ्रान्सने २०१० सालच्या या चित्रपटात काय केलंय बघा. डीन आणि सिंडी या नवरा-बायकोचं जमतानाचे दिवस आहेत आणि संसार उसवतानाचे जेमतेम एक-दोन दिवस. मधली वर्षं गाळलीयत. जे बिघडलं ते नेमकं तिथे. मग आपण पंचनामा करत बसतो. त्याचं सकाळीच बिअर पिणं, तिचं डॉक्टर व्हायचं राहून जाणं. यातलं एकही कारण पुरं पडत नाही.

कुत्रीचा प्रसंग आठवा. त्यांची कुत्री मेगन हरवते, मग रस्त्यावर मेलेली सापडते. डीन बायकोला म्हणतो, ‘कितीदा सांगितलं, फाटक लावत जा.’ साधं वाक्य आहे हो. गॅसच्या बटणावरून, गच्चीच्या दारावरून आपल्याकडे हे रोज चालतं. पण त्या ‘कितीदा’मध्ये गाळलेली सगळी वर्षं येऊन बसलीयत.

आधीचा काळ सुपर १६ या अरुंद पट्टीच्या जुन्या पद्धतीच्या फिल्मवर टिपलाय, कॅमेरा हातात घेऊन. नंतरचा डिजिटलवर, लांब पल्ल्याच्या लेन्सने, चेहऱ्यांना पळायला जागाच न ठेवता. या दोन चित्रीकरणांच्या मधे डीन आणि सिंडी झालेले रायन गॉस्लिंग आणि मिशेल विल्यम्स पडद्यावरच्या मुलीसोबत सुमारे महिनाभर रोज त्या घरात दिवस घालवत होते. बाजारहाट, भांडी, लुटुपुटीचा नाताळ. आपल्याला न दाखवलेली वर्षं त्यांनी थोडी जगून घेतली. ती उसनी सवय त्या स्वयंपाकघरात दिसते. अभिनयाच्या शाळेत ती कोण शिकवणार?

आणि दुकानाच्या दारातलं ते गाणं. जिच्यावर जीव, तिलाच दुखावतो, अशा अर्थाचं. डीन युकुलेले, म्हणजे छोटी गिटारच, वाजवत गातो, सिंडी नाचते. पहिल्यांदा पाहताना मी हसलो होतो. दुसऱ्यांदा बायकोला म्हटलं, पुढे ढकल. ती म्हणाली, ‘राहू दे.’ दोघंही गप्प बसून बघत राहिलो. असो.

शेवटी ४ जुलैचे, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचे, फटाके फुटतायत, डीन चालत निघालाय, मुलगी मागे धावते आणि तो तिला आईकडे परत पाठवतो. त्यानंतरच्या श्रेयनामावलीत आतषबाजीच्या उजेडात त्या दोघांचे सुखाच्या दिवसांतले चेहरे उमटतात. आज तेवढ्यात कुणीतरी दिवे लावले आणि निम्मे लोक चपला शोधायला उठले. पुढच्या वेळी तेवढी दोन मिनिटं अंधार राहू द्या.