बिल्ले दोन, गाडी एक?

सीताबर्डीच्या सिग्नलवर पाच मिनिटं उभे राहा. एक बलेनो येईल, तिच्या मागून एखादी ग्लान्झा. दारं तीच, काचा तीच, इंजिन तेच. एकीच्या जाळीवर सुझुकीचं चिन्ह, दुसरीच्या टोयोटाचं. २०१९पासून नागपूरकरांना याची सवय झाली आहे. घरची गाडी घेताना सर्व्हिस सेंटर कुणाचं जवळ आणि सूट कुणाची जास्त, एवढ्यावर सौदा होतो.

स्पोर्ट्स कार मात्र माणूस घेतो ती चालवण्याच्या आनंदासाठी. तिथे बिल्ला बदलला की नेमकं काय बदलतं?

त्यासाठी जपानमध्ये जाऊ. गुन्मा प्रांत, ओता शहर, सुबारूचा कारखाना. २०१२ साली इथून एकच कूपे, म्हणजे दोन दारांची बुटकी गाडी, वेगवेगळ्या नावांनी बाहेर पडू लागली. सुबारूची बीआरझेड, टोयोटाची ८६, आणि अमेरिकेत टोयोटाच्याच सायन या ब्रँडची एफआर-एस. दोन लिटरचं इंजिन सुबारूच्या परंपरेतलं. चार सिलिंडर, दोन-दोन समोरासमोर आडवे झोपवलेले. असं इंजिन बुटकं असतं, बॉनेटखाली खोल बसतं आणि गाडीचं वजन जमिनीजवळ राहतं. इंधन फवारण्याचं तंत्र टोयोटाचं. सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, तीही ८६. ऐंशीच्या दशकातली टोयोटाची एई८६ कोरोला ज्यांना आठवते, ते या आकड्यावर आजही जीव टाकतात.

अमेरिकेत विकलेल्या टोयोटा ८६चा चेसिस नंबर वाचा. सुरुवात होते जेएफ१ने. ही अक्षरं सुबारूची.

यात फसवणूक आहे असं आम्हाला वाटत नाही. कमी वजनाची, मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त कूपे फार खपत नाही. दोघांनी खर्च वाटून घेतला, म्हणून ती रस्त्यावर आली. पण ओताच्या कामगारांचं नाव टोयोटाच्या बिल्ल्यामागे झाकलं जाऊ नये, एवढं नक्की वाटतं.

२०२१मध्ये दुसरी पिढी आली. इंजिन २.४ लिटरचं झालं, टोयोटाचं नाव जीआर८६ झालं. आणि खरी गंमत इथे सुरू होते, कारण या खेपेला दोन्ही कंपन्यांच्या इंजिनिअरांनी आपापला हात फिरवला. जपानी मॉडेलमध्ये बीआरझेडची पुढची स्प्रिंग ३० न्यूटन प्रति मिलिमीटर, मागची ३५; आकडा जितका मोठा तितकी स्प्रिंग कडक. जीआर८६ची पुढची २८, मागची ३९. पुढच्या चाकांचे नकल, म्हणजे चाक सस्पेन्शनला जोडणारे भाग, बीआरझेडमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे, जीआर८६मध्ये ओतीव लोखंडाचे. शोरूममध्ये यातलं काहीच दिसत नाही. वळणावर मात्र लगेच कळतं. मागची स्प्रिंग कडक असल्यामुळे टोयोटाचा मागचा भाग लवकर फिरतो, गाडी खेळकर वाटते. सुबारू धरलेली रेघ सोडत नाही. दोन-चार न्यूटनांचा हा फरक आम्हाला कुठल्याही बिल्ल्यापेक्षा मोलाचा वाटतो.

काही जोड्या याहून पुढे गेल्या. टोयोटा सुप्रा आणि बीएमडब्ल्यू झेड४, दोन्ही ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये तयार होत. पाया एक, सहा सिलिंडरचं इंजिन बीएमडब्ल्यूचं. पण सुप्रा बंद छपराची, झेड४ उघड्या. फियाट १२४ स्पायडर माझदाच्या हिरोशिमातल्या कारखान्यात बनायची, तिच्यात १.४ लिटरचं टर्बो इंजिन मात्र फियाटचं. सांगाडा माझदाच्या एमएक्स-५ या स्पोर्ट्स कारचा, श्वास इटालियन.

आता परत नागपूर. जीआर८६ आणि बीआरझेड भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत. आपल्या आवाक्यातली जोडी म्हणजे फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आणि स्कोडा स्लाव्हिया. त्या स्पोर्ट्स कार नाहीत, चार दारांच्या सेडान आहेत, पण रक्तात थोडी ऊब आहे. दोन्ही चाकणच्या, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) दोन्हींचा २६५१ मिलिमीटर, १.५ लिटर इंजिन १५० पीएस ताकदीचं.

त्यांची तुलना समृद्धी महामार्गावर करू नका. सरळ रस्त्यावर जुळ्या गाड्या जुळ्याच वाटणार. सावनेर, सौंसर मागे टाकून छिंदवाड्याच्या वाटेवरच्या सिल्लेवानी घाटात न्या. वेग बेताचा, गिअर तोच, चालवणारा तोच. आणि निघण्याआधी दोन्हींचे टायर एकाच प्रकारचे आहेत का, हवा सारखी आहे का, ते तपासा. पहिल्या ८६ला जाणूनबुजून कमी पकडीचे मिशेलिन प्रायमसी टायर दिले होते, मागचा भाग सहज सरकावा म्हणून. ज्यांनी ते बदलले, त्यांच्या हाती वेगळ्याच स्वभावाची गाडी आली, बिल्ला कुठलाही असो.